थोरलीचा टाक

आमच्या तेजूने कादंबरी लिहिलीय. छापून अजून आलेली नाही, कारण शेवटचं प्रकरण ती पुन्हा पुन्हा लिहितेय आणि फाडतेय. मी तिची आई, निर्मला. पेठला हमरस्ता सोडून आत वळलं की आमची वस्ती लागते. कादंबरी कुणावर म्हणाल, तर आमच्याच घरावर. नावं बदलली की माणसं ओळखू येत नाहीत, असं पुण्यात राहायला गेलेल्यांना वाटतं. मी पहिल्या दहा पानांत सगळ्यांना ओळखलं. स्वतःला तर आधी ओळखलं. त्यात एक सून आहे, तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही.

पण कादंबरी माझ्यावर नाही. ती माझ्या सासूबाईंवर आहे, म्हणजे सारजाबाईंवर. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक पत्रा असतो, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. त्यावर एका बाईची आकृती उठवलेली आहे. तो टाक. देवांचे टाक घरोघरी देव्हाऱ्यात असतात, हा मात्र माणसाचा आहे. बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, की दुसरीने पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडची रीत. आता नव्या पोरी नाही घालत, कुणी सांगायलाही जात नाही. आत्याबाई मात्र लग्नापासून घालतात. मामंजी गेले तेव्हा त्यांचं मंगळसूत्र निघालं, जोडवी निघाली, कपाळ मोकळं झालं. टाक तेवढा राहिला.

त्या पहिलीचं नाव सोनीबाई. आत्याबाई तिला नुसतं ‘थोरली’ म्हणतात. सकाळी अंघोळ झाली की आधी थोरलीला पाणी दाखवायचं, मग स्वतः प्यायचं. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायचा, हळदकुंकू वाहायचं, मग नेसायचं. पहिला आंबा, पहिलं कणीस, सगळ्याचा पहिला मान तिचा. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चहा गार होतोय, शेतावर भाकरी न्यायचीय, आणि ह्या आपल्या थोरलीशी बोलत बसल्यात. एकदा मी फणकाऱ्याने विचारलं, मेलेल्या बाईला इतकं काय सांगता? तर म्हणाल्या, नवी सून लई धुसफुसती, ते सांगितलं.

आता त्यांची हकिगत सांगते, कारण तेजूने ती लिहिलीय आणि माझ्या मते अर्धीच लिहिलीय.

त्यांचं माहेर खेडच्या बाजूचं. अठराव्या वर्षी मामंजींशी, म्हणजे राघू मेंढक्याशी लग्न झालं. सोनीबाई दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, मागे दोन वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे आमचे हे, तेजूचे पप्पा. भैरवनाथ. लग्नाच्या मांडवात सासूने आधी टाक बांधला आणि मग मंगळसूत्र, हे आत्याबाई अजून सांगतात. वर दम भरला की हिला विसरलीस तर ही तुला सुखाने जगू द्यायची नाही. अठरा वर्षांची पोर ती, घाबरली. पहिले काही महिने तिने थोरलीला मनातल्या मनात शिव्याच घातल्या. माझ्या नवऱ्याच्या घरी आधी तू येऊन बसलीस, आता माझ्या गळ्यातही बसलीस, असं म्हणायची.

तेव्हा आमची मेंढरं मोप होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून आळेफाट्यावरून निघायचं, माळशेज घाट उतरून खाली कोकणात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कोकणात पोराला ताप भरला. माणसं मेंढरं घेऊन रानात गेलेली. तळावर ही एकटी आणि तापाने फणफणलेलं लेकरू. ओळखीचं गाव नाही, दवाखाना ठाऊक नाही. आंब्याच्या झाडाखाली त्याला मांडीवर घेऊन, ओल्या फडक्याने पुसत दिवसभर बसून राहिली. कुणाशी बोलणार? शेवटी टाक मुठीत धरला आणि म्हणाली, “तुजं लेकरू हाय. मला काय म्हाईत ह्येला काय लागतं त्ये. तूच सांग.” दिवस कलला तसा ताप उतरला, पोराने दूध मागितलं. आता ताप आपोआपच उतरला असेल, मी काही खुळी नाही. पण त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

पुढे आत्याबाईंना स्वतःचं मूल झालं नाही. दोन-तीनदा दिवस राहिले, टिकले नाहीत. लोकांनी थोरलीवरच ठपका ठेवला. मामंजींच्या एका चुलतीने तर टाक उतरून देवळात ठेव म्हणून सुचवलं. आत्याबाईंनी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मंचरच्या धरमचंद सराफांना एकदा आम्ही टाक दाखवला होता. नाकडोळे पार झिजून गेलेत, अंघोळीच्या वेळी रोज घासून. शेठ म्हणाले, नवा करून देतो, हुबेहूब. आत्याबाई म्हणाल्या, हुबेहूब कुणासारखा? शेठ हसले. त्यांच्या साच्यात सगळ्या बायका सारख्याच निघतात, हे त्यांनाही माहीत आणि आम्हालाही. सोनीबाईचा फोटो नाही. तेव्हा कोण काढत होतं फोटो? टाक तसाच घेऊन घरी आलो.

आता यांचं सांगते. नाव मी घेतलं वर, तेवढं पुरे. हे माणूस सरळ, कामाला वाघ, पण एका बाबतीत दगड. शाळेत पोरं ‘सावत्र, सावत्र’ म्हणून चिडवायची. एक दिवस घरी आले, दप्तर फेकलं आणि आत्याबाईंना म्हणाले, ती गळ्यातली माझी कुणी नाही, मला आई एकच आहे. ते जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. टाकाकडे कधी बघायचे नाहीत. आईला वाईट वाटू नये म्हणून बघायचे नाहीत, आणि आईला वाईट वाटायचं ते ह्याचंच. हे मला कळायला संसाराची कितीतरी वर्षं गेली. त्यांना तर कळलंच नव्हतं.

मामंजींचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा आत्याबाईंनी विषय काढला होता. आपल्या माघारी थोरलीचं काय? भावकीतली रीत अशी की दुसरी गेली म्हणजे तिच्या राखेबरोबर पहिलीचा टाकही नदीत सोडायचा. घालणारीच राहिली नाही तर ठेवायचा कशाला? आत्याबाई म्हणाल्या, तिला देव्हाऱ्यात जागा दे. हे म्हणाले, देव्हाऱ्यात देव असतात, रीत आहे तशी होईल. आत्याबाईंनी पुन्हा मागितलं नाही. जन्मात मी त्यांना एवढी एकच गोष्ट मागताना पाहिली.

तर ही कादंबरी. तेजस्विनी एम.ए. झाली, पुण्यात नोकरी करते, आणि रात्री लिहीत बसते. श्रावणात तिने सगळे कागद छापून बांधून मला पाठवले. आजीला वाचून दाखव म्हणाली. आमचा बटाटा नुकताच निघाला होता. दुपारच्याला ओसरीत बटाट्याच्या ढिगाशेजारी आत्याबाई बारीक-मोठा निवडत बसायच्या आणि मी वाचायची.

काय सांगू, हसून हसून पुरेवाट. तेजूने घरातली एकेक वस्तू घेतलीय आणि तिच्यात केवढाले अर्थ भरलेत. मामंजींची काठी आहे ना, ती म्हणे बापाकडून लेकाकडे येणारी सत्ता. आत्याबाई म्हणाल्या, तिने बाभळीच्या शेंगा झोडायचे गं ते, सत्ता कुठली, बाजारात पिशवी विसरून आले म्हणून मीच त्यांना बोलायची. घोंगडीत म्हणे सात पिढ्यांचा वास आहे. जुनी घोंगडी उंदरांनी खाल्ली, ही तेजूच्या बारशाच्या आधी जुन्नरच्या बाजारातून आणलेली. मेंढीच्या गळ्यातल्या घंटेवर तर अख्खं पान आहे, की ती वाजली की नायिकेला हरवलेलं घर हाक मारतं. आत्याबाई म्हणाल्या, घंटा वाजली म्हंजी मेंढी दुसऱ्याच्या रानात घुसली. पण खूश होत्या हो. पोरीने सगळं ध्यानात ठेवलंय म्हणून सारखं माझ्याकडे बघायच्या.

आणि शेवटचं प्रकरण आलं. त्यात नवरा मेल्यावर ती दुसरी बायको घोड नदीत कमरेइतक्या पाण्यात उतरते, गळ्यातला टाक काढते आणि सोडून देते. काठावर येते तेव्हा तिला वाटतं, मान किती हलकी झाली. तिथे कादंबरी संपते. खोटं कशाला बोलू, मला आवडला शेवट. डोळ्यात पाणीही आलं. बाईमाणसाच्या गळ्यात जन्मभर सवत बांधायची ही कसली रीत, असं मलाही वाटत आलंय, आणि माझ्या पोरीने ते लिहिलं म्हणून ऊर भरून आला. मान वर करून बघते तर आत्याबाई बटाटे निवडायच्या थांबल्या होत्या. हातातला बटाटा खाली ठेवला, उठल्या आणि गोठ्याकडे गेल्या.

तीन-चार दिवस त्या गप्प होत्या. जेवत होत्या, काम करत होत्या, पण गप्प. मी तेजूला फोन लावला आणि म्हटलं, ये बाई, तूच निस्तर.

शनिवारी ती आली. आजीसाठी साडी आणली होती, हिरवी, बारीक काठाची. आत्याबाईंनी साडी मांडीवर घेतली, हात फिरवला, पण पदर काही टाकाला लावला नाही. तेजूला समोर बसवलं आणि विचारलं, पुस्तकातल्या बाईने नदीत सोडल्यावर थोरलीचं पुढं काय झालं?

तेजू गोंधळली. मग समजुतीने सांगू लागली की आजी, ते प्रतीक आहे. म्हणजे एक वस्तू दाखवायची आणि तिच्यामागे दुसरंच काही सांगायचं. तो टाक म्हणजे बाईवर लादलेलं ओझं. पोरगी काही चुकीचं बोलत नव्हती. आवाजही मऊ होता.

आत्याबाईंनी नीट ऐकून घेतलं. “पुस्तकातल्या बाईचं तिचं ती जाने,” त्या म्हणाल्या. “तिच्या गळ्यात वस्तू आसंल. माज्या गळ्यात बाई हाय.”

तेजू म्हणाली, पण आजी, मला बघवत नाही. तू तिला कधी मागितलं नव्हतंस. तुझ्या गळ्यात ती बांधली. एवढं बोलून तिला रडूच आलं. आणि खरं सांगते, तिथेच मिटलं असतं. पण आत्याबाईंच्या पोटात कितीतरी दिवसांचं साचलेलं होतं. त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले, गाठ सोडवली. आम्ही दोघी बघतच राहिलो. मी या घरात आल्यापासून तो दोरा बदलताना पाहिलाय, गळा मोकळा कधी पाहिला नव्हता. त्यांनी टाक तेजूच्या हातात ठेवला आणि तिची मूठ मिटवली.

“तिनं लेक दिला म्हनून मी आई झाले,” त्या म्हणाल्या. “आन तिचा लेक तिला पान्यात सोडनार, तिची नात बी सोडनार. मग मी जित्ती हाय तवर सोडा. निदान मला कळंल तरी, कुटं गेली ती. जा.”

तेजूने माझ्याकडे बघितलं. म्हातारीच्या तोंडावर राग नव्हता, नाहीतर मी मध्ये पडले असते. तेजू उठली आणि ओढ्याकडे निघाली. मी तिच्या मागोमाग.

आमच्या वावराच्या खालच्या अंगाला बंधारा आहे. पाऊसकाळ चांगला झाल्याने तुडुंब भरलेला. पलीकडच्या पडीक रानात यांनी मेंढरं सोडली होती. आता वीस-पंचवीसच उरलीत, तीही बिबट्याच्या धाकाने दिवस मावळायच्या आत घरी आणावी लागतात. तेजू बंधाऱ्यावर जाऊन उभी राहिली, मूठ छातीशी धरून. तिच्याने पुढेही होईना आणि मागेही येववेना. हे पलीकडून बघत होते. आले आणि विचारलं, काय आहे हातात?

तेजूने मूठ उघडली. कुणी काढला म्हणून विचारलं, तर आजीने, म्हणाली. सोडून ये म्हणाली.

यांनी हात पुढे केला. आण इकडे, मी सोडतो, म्हणाले. आईनेच काढलाय म्हटल्यावर सुटली बिचारी, असं त्यांना वाटलं असावं. टाक घेऊन पाण्याकडे वळले, आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी मूग गिळून बसले होते, ते सगळं तोंडात आलं.

“सोडा,” मी म्हटलं. “पण आधी हे ऐका. तिकडे त्या उघड्या गळ्याने बसल्यात. त्यांनी जन्मात तुमच्याकडे एकच मागितलं. तुम्हाला वाटतं तुम्ही आईची बाजू घेताय. तुमची आई ह्या टाकाच्या बाजूने आहे, आणि तुम्ही पोरपणापासून थोरलीशी अबोला धरून बसलाय.”

एवढ्या मोठ्याने मी यांच्याशी कधी बोलले नव्हते. मेंढरांनीही माना वर केल्या. हे तळहातावरच्या टाकाकडे बघत राहिले. तो त्यांच्या हातात पहिल्यांदाच आला होता. अंगठ्याने त्यांनी त्याचा झिजलेला चेहरा पुसला, जरा उजेडात धरला, पुन्हा पुसला. मग वळले आणि घराकडे चालायला लागले. मेंढरं तिथेच. मी आणि तेजूने ती हाकत मागून आणली, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा हे ओसरीच्या पायरीवर आत्याबाईंच्या पायाशी बसलेले होते. आत्याबाईंच्या मांडीवर ती हिरवी साडी तशीच होती. गळ्यावर दोऱ्याच्या जागी पांढुरकी रेघ दिसत होती. यांनी टाक त्यांच्यासमोर धरला होता.

“आये,” हे विचारत होते, “दिसायला कशी व्हती गं ही?”

आत्याबाईंनी डोळे बारीक केले. “मला रं काय म्हाईत? मी आले तवा ती न्हवती. मी तिला कदी बगितलंच न्हाई.” मग म्हणाल्या, “तू बगितलंयस.”

तेजू माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात घट्ट धरला. जन्मभर जिला पाणी दिलं, पहिला घास दिला, तिला आत्याबाईंनी पाहिलेलंही नव्हतं, हे आम्हा दोघींच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. आता जगात तिला पाहिलेलं माणूस एकच उरलेलं.

“मला आटवत न्हाई,” हे म्हणाले. “काय बी आटवत न्हाई, आये.”

“नसंल आटवत. दोन वर्साचं प्वार, त्येला काय आटवनार?” आत्याबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “तिला तू आटवत आसशील.”

हे उठले, दोरा आत्याबाईंच्या गळ्यात घातला. जाड बोटांना गाठ काही जमेना, तेव्हा ती तेजूने मारली.

“तुज्या माघारी ही देव्हाऱ्यात बसंल,” हे म्हणाले. “पानी मी घालीन.”